विंडोज नवीन टाकलं आणि वाय-फायच गेलं: ड्रायव्हरची जबाबदारी नेमकी कोणाची?

लॅपटॉप स्लो झाला. मित्र म्हणाला, "फॉरमॅट मारून टाक." पेन ड्राइव्ह लावला, पाऊण तासात कोरं करकरीत विंडोज समोर आलं. आणि मग एकेक गोष्ट लक्षात येते. वाय-फायचं चिन्ह नाही, आवाज नाही, टचपॅडवर बोट फिरवलं तरी बाण हलत नाही, स्क्रीनवरची अक्षरं भलतीच मोठी. विंडोज ११ टाकत असाल तर याहून वाईट प्रकार होतो. सेटअप अर्ध्यावर थांबतो आणि म्हणतो, आधी इंटरनेटला जोडा. यादीत एकही नेटवर्क नाही, आणि 'नेक्स्ट'चं बटण दाबलं जात नाही.

प्रॉब्लेम जुनाच आहे, पण तो आता अनेकांच्या दारात आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. त्यामुळे ज्यांनी वर्षानुवर्षं लॅपटॉपला हात लावला नव्हता, तेही नवीन विंडोज टाकायच्या मागे लागले. कोणी दुकानात नेतंय, कोणी यूट्यूब बघून घरीच करतंय. आणि नेमक्या याच काळात मायक्रोसॉफ्टने सेटअपमधली इंटरनेटची अट आणखी कडक केली.

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरात लॅपटॉप एकच, तोही बहुतेक सेकंड-हँड. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय, शेवटची तारीख जवळ आलीय. लॅपटॉप चालू होतो, पण इंटरनेट नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपूरला असेल तर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर जा आणि परत या. बरं, तिथे जाऊन दुरुस्त काय होणार? हार्डवेअर तर धडधाकट आहे. अडलंय ते काही एमबीच्या एका फाइलवर.

आता मुळात ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात. तुमच्या लॅपटॉपमध्ये वाय-फायची चिप एका कंपनीची असते, आवाजाची दुसरीची, टचपॅड तिसऱ्याचा. त्या चिपला काम कसं सांगायचं हे विंडोजला माहीत नसतं. ते सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. नवीन लॅपटॉप कंपनीतून येतो तेव्हा हे सगळे प्रोग्राम आधीच टाकलेले असतात, म्हणून आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं. फॉरमॅट मारला की विंडोजबरोबर तेही पुसले जातात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या विंडोजमध्ये सर्वसाधारण ड्रायव्हर भरपूर असतात, पण तुमच्या चिपपेक्षा ती विंडोजची फाइल जुनी असेल, तर त्या चिपचा ड्रायव्हर तिच्यात असेलच कसा?

ड्रायव्हर लिहितो चिप बनवणारा, म्हणजे इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक वगैरे. तो तपासून आपल्या साइटवर ठेवते लॅपटॉप कंपनी. त्यावर डिजिटल सही करते आणि विंडोज अपडेटमधून वाटते मायक्रोसॉफ्ट. काम तिघांत वाटलेलं आहे, आणि तिघांच्या मध्ये फट पडली की त्यात सापडतो वापरणारा. विंडोज ११ होम सेटअप होताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं. इंटरनेटसाठी वाय-फायचा ड्रायव्हर हवा. तो ड्रायव्हर विंडोजबरोबर आलेला नाही, कारण तो इंटरनेटवरून उतरायचा आहे! हा गोल कोणी मुद्दाम आखला नसेल, पण तो तोडायची जबाबदारीही कोणी घेतलेली नाही.

पूर्वी सेटअपमध्ये एक छोटी कमांड टाइप करून इंटरनेटचा पडदा ओलांडता यायचा. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीतून ती स्क्रिप्ट काढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चाचणी आवृत्तीतूनच आणखी एक पळवाट बंद झाली. कंपनीचं कारण असं, की या युक्त्यांमुळे सेटअपचे महत्त्वाचे पडदे सुटतात आणि मशीन अर्धवट सेट होऊन बाहेर पडतं. कारण अगदीच खोटं नाही. पण ज्याच्या लॅपटॉपला वाय-फायच दिसत नाही, त्याच्यासाठी पळवाट नव्हती ती, एकमेव वाट होती. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजूनही तीच युक्ती सांगतायत, आणि ती चालली नाही की लोकांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

निदान एक चांगली गोष्ट झालीय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नेटवर्कच्या पडद्यावर 'इन्स्टॉल ड्रायव्हर' असा पर्याय दिसतो. पेन ड्राइव्हवर वाय-फायचा ड्रायव्हर सुटा करून ठेवलेला असेल, तर तो तिथेच देता येतो. सुटा म्हणजे झिप किंवा सेटअप फाइल उघडून, आतली आयएनएफ नावाची फाइल दिसेल असा. नुसती सेटअपची फाइल त्या पडद्याला कळत नाही.

पण खरा सोपा उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. लॅपटॉपला वाटतं नेटची वायर जोडली, आणि सेटअप पुढे सरकतो. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर तेच वाय-फाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. दोन गोष्टी बघा: केबल फक्त चार्जिंगची नको, आणि आयफोन असेल तर बहुधा जमणार नाही, कारण त्याला ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी घरातल्या कोणाचा तरी अँड्रॉइड मागून घ्या. ब्लूटूथ टेदरिंगच्या नादी लागू नका, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ त्याच वाय-फायच्या कार्डावर असतं.

रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे करत असाल तर सावध राहा. नेट मिळालं की विंडोज आधी स्वतःचे भलेमोठे अपडेट ओढायला लागतं. सेटअप संपल्यावर त्या कनेक्शनला 'मीटर्ड' करा, म्हणजे मोठे अपडेट थांबतात. फक्त मीटर्ड केल्यावर विंडोज ड्रायव्हरही उतरवत नाही. त्याची परवानगी डिव्हायसेसच्या सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते. वाय-फायचा ड्रायव्हर काही एमबीत मिळतो, ग्राफिक्सचा मात्र अर्धा-एक जीबी खाऊ शकतो. तो रात्रीसाठी किंवा कोणाच्या तरी वाय-फायसाठी राखून ठेवा.

पिवळ्या त्रिकोणांची भाषा

डेस्कटॉपवर पोहोचलात की स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'अदर डिव्हायसेस' खाली पिवळे त्रिकोण दिसतील आणि त्यांची नावं बघून घाबरायला होतं. बहुतेकांचा अर्थ साधा आहे. 'नेटवर्क कंट्रोलर' म्हणजे वाय-फाय किंवा लॅन. 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' म्हणजे आवाज. 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेट, आणि 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' म्हणजे बहुतेक वेळा इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन. 'बेस सिस्टम डिव्हाइस' हा अनेकदा मेमरी कार्डाचा रीडर निघतो. ग्राफिक्सला त्रिकोण नसेल पण 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असं लिहिलं असेल, तर खरा ग्राफिक्स ड्रायव्हर आलेलाच नाही. अक्षरं मोठी दिसतात आणि व्हिडिओ अडखळतो तो त्यामुळेच. त्रिकोणावर डबल क्लिक केल्यावर 'कोड २८' दिसला तर निश्चिंत व्हा. पार्ट बिघडलेला नाही, ड्रायव्हर टाकलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

नेट चालू असेल तर सगळ्यात आधी विंडोज अपडेट चालवा, आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हरची यादी बघा. लोक ही जागा उघडतच नाहीत. रीस्टार्ट करून पुन्हा एकदा बघा, कारण चिपसेटचा ड्रायव्हर बसल्यावर कधीकधी त्याच्यामागे लपलेले पार्ट नव्याने दिसायला लागतात. टचपॅडचं असं नेहमी होतं, म्हणून या कामाला बसताना साधा यूएसबी माउस जवळ ठेवा.

तरीही एखादा त्रिकोण उरला, तर प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, आणि तिथे 'हार्डवेअर आयडी' निवडा. इथे त्या चिपचा आधार क्रमांक मिळतो म्हणा ना. त्यात 'व्हीईएन' या अक्षरांपुढचे चार आकडे-अक्षरं म्हणजे बनवणारी कंपनी. ८०८६ दिसलं तर इंटेल (१९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचा हाच नंबर, कोणीतरी हौसेने ठेवलेला दिसतो), १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १०२२ म्हणजे एएमडी. पुढे 'डीईव्ही' नंतरचे चार म्हणजे मॉडेल. फोनने त्याचा फोटो काढा आणि हा क्रमांक मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर शोधा.

गुगलवर मात्र 'ड्रायव्हर डाउनलोड' एवढंच टाकून वरची पहिली लिंक दाबू नका. वर बहुतेक जाहिराती असतात आणि त्यांच्यामागे 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची सॉफ्टवेअर उभी असतात. स्कॅन फुकट, "तुमचे ३७ ड्रायव्हर धोकादायक" असा लाल पडदा, आणि दुरुस्तीचे पैसे. लोकांना घाबरवून दुरुस्ती विकायचा हा धंदा जगभर चालतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. आरोप हाच होता, की खोट्या इशाऱ्यांनी लोकांना घाबरवून पीसी दुरुस्ती विकली.

ड्रायव्हरच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं आहे, कारण ड्रायव्हरला विंडोजच्या गाभ्यापर्यंत जायची मुभा असते. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या सॉफ्टवेअरचा एक भाग ड्रायव्हर म्हणूनच चालत होता, म्हणून तो कोसळला तेव्हा अख्खं विंडोज घेऊन कोसळला. तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट या बाबतीत हात आखडता घेताना दिसतंय. जून २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की विंडोज अपडेटमधले जुनाट ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने काढणार, सुरुवात अशांपासून ज्यांची नवी आवृत्ती आधीच उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये तर विंडोजबरोबरच येणारा एका जुन्या फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर थेट काढून टाकला, कारण त्यातल्या फटीचा हल्लेखोर वापर करत होते.

सुरक्षेच्या बाजूने हे बरोबरच आहे. पण याची दुसरी बाजूही आहे: "विंडोज आपोआप शोधून घेईल" हा भरवसा जुन्या लॅपटॉपसाठी हळूहळू कमी होत जाणार. मग उरते लॅपटॉप कंपनीची साइट. आणि इथे कंपनी-कंपनीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डेल, एचपी, लेनोवो यांचे ऑफिससाठी विकलेले लॅपटॉप, म्हणजे लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड, भाडेकरार संपला की हजारोंनी सेकंड-हँड बाजारात येतात. यांचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग साइटवर टाकला की त्याच मशीनचे ड्रायव्हर समोर येतात, कित्येक वर्षं जुन्या मॉडेलचेही. या मॉडेलांसाठी सगळे ड्रायव्हर एकत्र असलेला 'ड्रायव्हर पॅक'ही मिळतो. उलट, ऑनलाइन सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळणाऱ्या काही नवख्या ब्रँडच्या साइटवर सपोर्टचं पान उघडलं तर एक फोन नंबर आणि ईमेल, बस. माझं मत विचाराल तर ड्रायव्हरचं पान नसलेल्या नव्या लॅपटॉपपेक्षा ते असलेला चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप परवडला. फक्त तो इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा नको, कारण काही अपवाद सोडले तर त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

सरकार यात कुठे आहे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. पुढे 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'साठी, म्हणजे एखादी वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण देण्यासाठी, दुसरी समिती बसली. तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटही आहे, ही चांगली गोष्ट. पण पहिला भर स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर आहे. लॅपटॉपचा ड्रायव्हर किती वर्षं साइटवर ठेवायचा हे अजून कंपनीच्या मर्जीवर. सुट्या भागाइतकाच ड्रायव्हरही सुटा भाग आहे, हे नियमात यायला हवं.

फॉरमॅट मारायच्या आधीचा अर्धा तास

सगळ्यात आधी स्वतःला विचारा, फॉरमॅटची खरंच गरज आहे का? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' असा पर्याय आहे. तो विंडोज पुन्हा बसवतो आणि फाइल, ॲप, सेटिंग तशीच ठेवतो. तिथलाच 'रीसेट धिस पीसी' ॲप काढतो, पण साधारणपणे ड्रायव्हर टिकवतो. स्लो झालेल्या दहापैकी बहुतेक लॅपटॉपचं काम एवढ्यात भागावं. अगदी कोरंच हवं असेल तर डेल, एचपी, लेनोवो या कंपन्यांची स्वतःची रिकव्हरी टूल आहेत. बऱ्याच मॉडेलसाठी ड्रायव्हरसकट विंडोज असलेला पेन ड्राइव्ह त्यातून फुकट बनवता येतो. दुकानदार हा रस्ता क्वचितच घेतात, कारण वेळ जातो.

तरीही साधं विंडोजच टाकायचं असेल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर-स्टोअर आणि त्यातलं 'फाइल-रिपॉझिटरी' हे फोल्डर शोधा आणि अख्खं पेन ड्राइव्हवर कॉपी करा. तुमच्या लॅपटॉपचे सगळे चालू ड्रायव्हर यात आहेत. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि हे फोल्डर दाखवा. विंडोज स्वतः त्यातून योग्य ते उचलतं. फॉरमॅट आधीच होऊन गेलं असेल तरी आशा सोडू नका. पार्टिशन न पुसता विंडोज टाकलं असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर असतं, त्यात हेच सगळं जसंच्या तसं सापडतं. ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून घाई करा.

दुसरा कॉम्प्युटर नसेल तर फोनवरच कंपनीची साइट उघडून ड्रायव्हर उतरवा. फोन ती फाइल उघडू शकणार नाही, पण साठवू शकतो. केबल लावून 'फाइल ट्रान्सफर' निवडलं की लॅपटॉपवर कॉपी होते.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत एक जास्तीचा घोळ असतो. सेटअपला हार्ड डिस्कच दिसत नाही आणि लोक समजतात एसएसडी उडाली. ती उडालेली नसते. इंटेलच्या व्हीएमडी या व्यवस्थेचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसतो, एवढंच. लॅपटॉपच्या साइटवरून 'रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' नावाचा ड्रायव्हर घ्या, सुटा करून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पडद्यावरच्या 'लोड ड्रायव्हर'ने द्या. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा असाही सल्ला मिळेल. सगळं पुसूनच नवीन टाकायचं असेल तर ठीक, पण आतलं विंडोज आणि डेटा वाचवायचा असेल तर ते बटण दाबू नका, जुनं विंडोज सुरूच होणार नाही. आणि यातलं काहीही करायच्या आधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बिटलॉकरची रिकव्हरी की आहे का ते बघून लिहून ठेवा. हल्ली डिस्क आपोआप लॉक केलेली असते. ड्रायव्हर पुन्हा मिळतो, किल्लीशिवाय फोटो आणि प्रोजेक्ट मिळत नाहीत.

दुकानात देत असाल तर 'लाइट' विंडोज टाकू नका असं स्पष्ट सांगा. काटछाट केलेल्या या विंडोजमधून जागा वाचवायला अनेकदा ड्रायव्हर आणि विंडोज अपडेटच काढलेलं असतं, म्हणजे आजारही तेच आणि औषधाची बाटलीही तेच फेकून देतात. लॅपटॉप मुळात विंडोज १० किंवा त्यानंतरच्या विंडोजसकट विकला गेला असेल तर लायसन्सची की बहुधा मदरबोर्डमध्येच असते. त्याच प्रकारचं ओरिजिनल विंडोज टाकलं, म्हणजे होमच्या जागी होम, की ते नेटवर जाताच ॲक्टिव्हेट होतं, वेगळे पैसे लागत नाहीत. घरी करायचं तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह पुरतो.

आणि ज्यांचा लॅपटॉप विंडोज ११ घेतच नाही, त्यांनी जबरदस्तीने ते बसवून ड्रायव्हरचा शोध ओढवून घेण्यापेक्षा विंडोज १० वरच मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. नाव नोंदवायचा पर्याय विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो.

पुढचा रस्ता लिनक्सचा. तिथे बरेचसे ड्रायव्हर सिस्टममध्येच येतात. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून न टाकता नुसतं चालवून बघता येतं. वाय-फाय आणि आवाज तिथे चालला तर टाकल्यावरही चालेल. ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड असेल तर तिथेही पहिल्यांदा फोनची केबलच लावावी लागेल.